गुलाबी कागद

४ मार्च १९५४
आलो एकदाचा! चांद्याहून मोटारीने चिमूर, पुढे बैलबंडी. वेड्यांच्या इस्पितळाचा हेडक्लार्क झालो, गंमत नाही! आलापल्लीच्या डेपोत सागाचे ओंडके ठोकून पोकळ कोणता ते सांगत सांगत मी वर चढलो. इथला डॉक्टर ठोकावाही लागला नाही, नुसत्या खोकण्यावरून कळला. मुख्य वॉर्डर भैयाजी मोठा अगत्याचा. झिंग्यांचा रस्सा आणि भात वाढला. म्हणे, आधीचे बाबू गुणवंतराव यांना इथली हवा मानवली नाही. काम झेपले नाही की बाबूलोकांना हवा आठवते.

७ मार्च
तक्रारींची रीत पाहून पोट धरून हसलो. त्यासाठी वेगळा कागद नाही, भरतीचाच गुलाबी छापील कागद वापरतात. वर सांगणाऱ्याचे नाव, मध्ये ‘लक्षणे’, खाली डॉक्टरसाहेबांची सही. एरवी ही सही झाली की माणूस भरती. इथलाच एक रोगी, तळ्यावर मासे धरणारा कोलू, रडत म्हणाला, ‘बाबू, भैयाजी मले ओल्या पोत्यानं मारते. वळ उठत नाई.’ साहेबांनी सांगितले, लिहा: पोत्याची भीती वाटते. झाली चौकशी! मीच लिहिले, वळणदार अक्षरात.

११ मार्च
दुपारी न्हाणीघरातून धप्. पुन्हा धप्. माझ्या कानाला कोणी शिकवू नये. ओले पोते, खाली माणसाची पाठ. भैयाजी हसत बाहेर आला, म्हणाला घोंगड्या धुवून राह्यलो. घोंगडी कण्हते होय रे?

१२ मार्च
कोलू उठत नाही. पाजलेले पाणी ओठांवरून ओघळते. त्याला चांद्याला हलवा म्हटले, तर साहेब म्हणाले लेखी द्या, सोळाला पाहणीची मंडळी येते, त्यांच्यापुढे ठेवू. दिले. गुलाबी कागदावरच, दुसरा आहे कुठे? वर माझे नाव, मध्ये ऐकले ते सगळे. साहेबांनी न वाचता सही ठोकली. बावळट!

१४ मार्च
कोलू गेला. तापाने, असे साहेबांनी मला लिहायला लावले.
आता हलवायचे कोणाला? माझा कागद परत घ्यायला कपाट उघडले. जुने गुलाबी गठ्ठे. एकावर सुबक अक्षरात नाव — गुणवंतराव. लक्षणे: न्हाणीघरातून आवाज येतात. खाली तीच सही. माझा कागद मात्र कपाटात नाही.
चार नंबरच्या खोलीत एक म्हातारा कोळशाने भिंतीवर रकाने आखत बसतो. मी रोज त्याला हसायचो —

१६ मार्च
मंडळी आली. कागद वाचला. एकाने फार मायेने विचारले, आवाज कधीपासून येतात? मी ओरडलो. ओरडायला नको होते. तेही लिहून घेतले —

एप्रिल असावा
टाक नेला. कोळसा गुणवंतरावांनी दिला. नवा बाबू आलाय. भैयाजीने झिंगे वाढले. बाबू मोठ्याने हसतोय — माझाच कागद असेल —
बादली भरली. पोते भिजतेय. पावले इकडेच — दोन नाही, तीन माणसे — कडी —