माझा नंबर लपवल्यापासून मंडईपर्यंत

५ नोव्हेंबर, सकाळी ६.३०
पुन्हा ‘प्रायव्हेट नंबर’. पलीकडची बाई म्हणाली, तुमचं एटीएम कार्ड बंद होणार. मी तिचं शिक्षण विचारलं. तिने फोन ठेवला.
ठराव : लपलेला नंबर उचलायचा नाही.

६ नोव्हेंबर
उचलला. निर्धार तपासत होते.
मूळ कारण कळलं : माझा नंबर सगळ्यांकडे आहे. एक अ‍ॅप घेतलं. आता मी फोन केला की समोर माझा नंबर दिसतच नाही. सालेकशात हे सुचलेली मी पहिलीच. शेवटी बी.ए. आहे, १९८१.

८ नोव्हेंबर
सोळाला गावची मंडई, म्हणजे दिवाळीनंतरची जत्रा. आमगावच्या ईश्वरदासजींना जेवायला बोलवायचं. त्यांचा योगराज माझ्या रश्मीने पाहिला, ‘ठीक आहे’ म्हणाली. म्हणजे फारच आवडला. मुलाकडचे मंडईला जेवून गेले की निम्मं लग्न ठरतं. पण मुलीच्या घरून बोलावणं गेल्याशिवाय कोणी येत नाही.
दोन फोन केले. उचलले नाहीत. धानाची कापणी चालू असेल.

१० नोव्हेंबर
नऊ फोन. रश्मी म्हणाली, माझ्या फोनवरून कर. सोयरिकीचं बोलणं मुलीच्या फोनवरून? मग म्हणाली, जाऊन ये. फोन असताना पाय कशाला झिजवायचे? योगराजला विचारू का, म्हणाली. मुलांनी परस्पर बोलायचं नाही, हा माझा नियम.

१२ नोव्हेंबर, दुपारी
उचलला. ईश्वरदासजींच्या बायकोने, देवकाबाईंनी. मी नाव सांगायच्या आतच : कोन व्हय तू? काऊन फोन करून राहिली वं सारखी? धंदे नाही का तुले? आणि ठेवला.
बिचाऱ्यांनाही फसवणारे छळतात. सावध करायला लगेच चार फोन केले.

१४ नोव्हेंबर
त्यांचा फोन बंद. शहाणी माणसं. सोळाला येतीलच, इतके फोन म्हणजे बोलावणंच.

१६ नोव्हेंबर, संध्याकाळी
पंधरा माणसांचा स्वयंपाक. शेजारच्या सुशिलाबाई सांगून गेल्या, ईश्वरदासजी गावातल्याच चैतराम गुरुजींकडे जेवले, त्यांची मुलगी दुर्गेश्वरी योगराजसाठी पसंत पडली. देवकाबाई म्हणत होत्या, रश्मीच्या मायने साधा एक फोन नाही केला. आम्ही वाट पाहून राहिलो होतो.
उर्मट लोक. बरं झालं. रश्मी जेवली नाही.

१७ नोव्हेंबर
रश्मीने माझा फोन घेतला, त्यावरून स्वतःला कॉल लावला आणि आपला फोन माझ्यासमोर धरला. ‘प्रायव्हेट नंबर’. वाजत राहिला.
मी सवयीने म्हणाले, उचलू नकोस.