बर्फात पुरलेलं पातेलं

डुलुथ, ६ फेब्रुवारी १९९४

ती. रोमनमामांस,
लिओनाचा सा. न. वि. वि.

इथे सर्व खुशाल. माझं आणि निल्सचं लग्न मे महिन्यात, चर्चच्या हॉलमध्ये. आपल्याकडे लग्नात मामाच्या हातची बिअर असते, हे मी निल्सच्या आईला सांगितलं. इंग्रिडबाई फार सभ्य. नाताळात तुम्ही पाठवलेल्या बिअरचा ग्लास त्यांनी संध्याकाळभर हातात धरला. निघताना तो भरलेलाच होता. परवा त्यांनी सहज कळवलं की हॉलसाठी फळांचं सरबत सांगितलं आहे, म्हणजे तुम्हाला त्रास नको.

मामा, मला लग्नात तुमचीच बिअर हवी. पण काळी आणि करपट नको. तुम्ही ती करता कशी, ते एकदा कळवा. स्टेलामामीला नमस्कार. माया आहे तेवढीच राहू द्या.

लिओना

स्टीव्हन्स पॉइंट, १२ फेब्रुवारी

चि. लिओनास,
अनेक आशीर्वाद.

सरबत! वऱ्हाडी काय पहिलीतली पोरं आहेत? तुझी मामी पत्र वाचून ठसका लागेपर्यंत हसली. म्हणाली, कुणीतरी एकदाचं तोंड उघडलं.

गॅसवर पातेलं. पाण्याला उकळी आली की माल्टच्या, म्हणजे मोड आणलेल्या सातूच्या पाकाचा डबा उपडा करायचा. कडवटपणाला हॉप्सची सुकी फुलं. तासभर रटरटू द्यायचं. मग झाकण लावून पातेलं मागच्या अंगणात बर्फात पुरायचं आणि पत्ते खेळायला जायचं. सकाळी यीस्ट. माझे वडील असंच करत. देवाने विस्कॉन्सिनला एवढा बर्फ दिला तो काय नुसता उपसायला?

यात खोट काढून दाखव, मग भाची म्हणव. रागावलीस तरी पत्र लिही.

रोमनमामा

डुलुथ, १९ फेब्रुवारी

ती. मामांस, सा. न.

रागावले नाही. पाक जड असतो, तळाला बसतो आणि करपतो. आधी गॅस बंद करा, पाक ओतून नीट ढवळा, मगच गॅस लावा. तोही सगळा एकदम नको. थोडा सुरुवातीला, उरलेला उकळणं संपत आलं की. तासभर शिजून त्याचं डांबर होतं.

बर्फाचं मात्र मन घट्ट करून वाचा. गरम पातेल्याभोवतीचा बर्फ वितळून मागे सरतो. पातेलं पोकळीत बसतं आणि बाकीचा बर्फ त्याला गोधडीसारखी ऊब देतो. रानतितर रात्री बर्फात शिरतात ते गारठायला नव्हे, हे तुम्हीच शिकारीत सांगितलं होतंत. उकळलेला माल्टचा रस रात्रभर कोमट राहिला म्हणजे जंतूंना मेजवानी. पातेलं सिंकमध्ये बर्फाच्या पाण्यात ठेवा आणि ढवळत राहा. गार झालं की लगेच यीस्ट.

लहान तोंडी मोठा घास घेतला. पोटात घाला.

लिओना

स्टीव्हन्स पॉइंट, ९ एप्रिल

चि. लिओनास, आशीर्वाद.

खोक्यात बाटल्या आहेत. तुझ्या सांगण्यावरून नव्हे, मामीने हट्ट धरला म्हणून करून पाहिलं. आधी नुसतं पाणी उकळून पातेलं बर्फात पुरलं आणि थर्मामीटर घेऊन शेजारी स्टुलावर बसलो. शेजारच्या क्लेमेन्सने विचारलं, पातेलं पळून जाणार आहे का? जेवण झालं तरी ते गरमच. मामीने त्यावर हात शेकले.

मग सिंक. फ्रीजरमधला बर्फ संपला तेव्हा वाटाण्याच्या पिशव्या लावल्या, त्यानंतर हरणाची तंगडी. मामी तेव्हा हसली नाही. पण रस गार झाला.

बिअर मधाच्या रंगाची आहे. तळघरात बसून एकट्याने ग्लासभर प्यालो. चांगली आहे. माझी वाटत नाही. वडिलांची तर नाहीच. तेवढंच जरा लागलं.

इंग्रिडबाईंना दे. काय म्हणतात ते जसंच्या तसं कळव. मध्ये तुझा गोडवा नको.

रोमनमामा

डुलुथ, १७ एप्रिल

ती. मामांस, सा. न.

आज चर्चहून आल्यावर बाटली उघडली. इंग्रिडबाईंचा ग्लास रिकामा झाला. आणखी हवी का विचारलं, तर पहिल्याच विचारण्याला त्यांनी तो पुढे केला. एरवी तीनदा आग्रह झाल्याशिवाय त्या काही घेत नाहीत; निल्स बघतच राहिला. सरबत उद्याच रद्द करते म्हणाल्या.

तुम्ही जसंच्या तसं मागितलंत म्हणून लिहिते. बिअरबद्दल त्या म्हणाल्या, काही वाईट नाही.

मामा, पत्र फाडू नका. निल्स जन्मला तेव्हाही त्या एवढंच म्हणाल्या होत्या.

लग्नापर्यंत तरी भाचीवर लोभ ठेवा, आणि पातेलं चढवा.

लिओना