स्कोपला हात लावायचा नाही

रवि., २ नोव्हें.
आज क्लबात चारचौघांत अपमान. छर्रे आधी बोटभर वर गेले, मग चार बोटं. बघते तर बंदुकीवरची दुर्बीण, म्हणजे स्कोप, रिंगांमधून मागं सरकलेला. स्प्रिंगची एअर रायफल आहे, प्रत्येक छर्र्यागणिक मागेपुढे झटका देते. रिंगांची पकड सुटली की स्कोप चालायला लागतो.

परांजपे सर क्लब चालवतात, निवृत्त इंजिनिअर. म्हणाले, "अहो मॅडम, बायकांच्या हातात स्प्रिंगची बंदूक टिकत नाही." अरे बाप्पा! त्या रिंगांचे स्क्रू आवळले कोणी? ह्यांनीच, गणपती झाल्यावर, आपल्या त्या टॉर्क रेंचने. आकडा लावायचा, तेवढं आवळलं की पाना कट् करतो. क्लबात स्कोप फक्त सर बसवणार असा नियमच. पाना कपाटात, किल्ली सरांच्या खिशात.

२३ ला आपल्याच मैदानावर आंतरक्लब सामना. चौघांच्या टीममध्ये माझं नाव शेवटचं, पुढे कंसात "स्कोप टिकला तर". दोन वर्षं रविवारची झोप मोडून मिळवलीय ती जागा. सरांनी ती कंसात घातली.

मंगळ., ४
अर्धी रजा टाकून खराडीहून थेट बुधवार पेठ. हत्यारांच्या दुकानात विचारलं, छोटा टॉर्क रेंच आहे का. मालकाने चष्म्यावरून पाहिलं. "ट्रकचा आहे. चालेल?" शेवटी एलन कीचा, त्या षटकोनी वाकड्या किल्ल्यांचा, सेट घेतला. पिशवी मागितली तर म्हणे पर्समध्ये मावेल. मावला.

नवऱ्याला सांगितलं, स्कोप मीच बसवणार. नितीनचं नेहमीचं, कशाला उगाच वाकडं घेतेस, सरांकडेच दे ना परत. त्याला सगळे जण शहाणे वाटतात, मी सोडून.

गुरु., ६
स्वयंपाक नितीनवर सोपवून जेवणाच्या टेबलावर बंदूक मांडली. रिंगा उघडल्या तर आत तेल! चांगलं चकचकीत. आकडा लावून आवळा नाही तर देवाचं नाव घेऊन, तेलावर पकड कशी बसणार? भैताड कुठले. (हा शब्द माहेरी, अकोल्यातच राहू द्यायचं ठरवलं होतं. नाही राहिला.)

सगळं स्पिरिटने पुसलं, स्क्रूसुद्धा. पडद्याच्या दांडीला दोरा, दोऱ्याला ओळंब्यासारखं कुलूप, आणि स्कोपमधली उभी रेघ त्या दोऱ्याशी जुळवली. मग आवळायला घेतलं. एक इकडचा, एक समोरचा तिरपा, थोडं थोडं. सरांचा चेहरा डोळ्यांसमोर, त्यामुळे हात थांबेना. शेवटी झूमची रिंग फिरवून पाहिली तर जड. स्कोपची नळीच आवळली गेली होती. माझीच चूक.

सोडवून पुन्हा. या वेळी की उलटी धरली. लांब दांडा स्क्रूमध्ये, आखूड टोक अंगठा आणि एका बोटात. मग जोर काढायचा म्हटला तरी फार निघत नाही. हाताला अडतंय असं वाटलं की बस. रिंगेच्या दोन्हीकडच्या फटीत जुनं व्हिजिटिंग कार्ड सरकवून पाहिलं, सारखंच अडकतं. झूम लोण्यासारखी फिरते.
नितीन म्हणाला, अजून एकदा करकचून घे ना. त्याला भाजीकडे बघ म्हटलं. करपलीच होती.

रवि., ९
प्रत्येक स्क्रूवरून रिंगेवर नेलपॉलिशची बारीक रेघ ओढून नेली. स्क्रू हलला तर रेघ तुटते, लगेच कळतं. टीममधले मुळे हसले, म्हणाले आता बंदुकीला मेंदीही काढा. काढू. आधी माझं कागदाचं टार्गेट बघा म्हटलं. सगळे छर्रे रुपयाच्या नाण्याखाली झाकले जातील एवढ्यात! मला इतका आनंद झाला की लपवलासुद्धा नाही.
प. सर लांबूनच, "आज टिकलं वाटतं."
वाटतं म्हणे.

रवि., १६
चहाला गेले, बंदूक स्टँडवर. परत येऊन मारले तर छर्रे खाली उजवीकडे. पुढच्या रिंगेवरच्या दोन रेघा तुटलेल्या, झूम जड. कोणी हात लावला विचारलं तर प. सर अगदी शांतपणे, "मीच. जरा ढिले वाटले, घेतले आवळून."
"तुमच्या टॉर्क रेंचने?"
"तो कपाटात आहे. अहो, इतक्या वर्षांचा अंदाज असतो हाताला."
"मग हात मलाही आहेत, सर."

स्कूटरवर रडू आलं, रागाचं. आळंदी रोडच्या सिग्नलला शेजारचा रिक्षावाला बघत होता. बघू दे. घरी उघडून पाहिलं तर नळीवर रिंगेच्या कडेचा बारीक वण. माझ्या वस्तूवर. न विचारता.

बुध., १९
ग्रुपवर प. सरांचा मेसेज. टीमने शनिवारी बंदुका आणाव्यात, सर्व स्कोप रेंचने तपासून दिले जातील, न देणाऱ्याच्या जागी राखीव खेळाडू. खाली अंगठ्यांची रांग. मुळेंचाही अंगठा. माझा नाही.

नितीन म्हणतो एका दिवसाचा प्रश्न आहे, दे आणि खेळ. त्याला म्हटलं, तुझ्या ऑफिसात तुझा कोड न विचारता कोणी बदलला तर तू घरी येऊन काय काय बोलतोस ते आठव. आठवलं असावं. नंतर दोनदा चहा विचारला.

रिंग वणापासून जरा पुढे घेऊन पुन्हा बसवलं. काल पहाटे क्लबात एकटी जाऊन छर्रे झाडून आले. जागचं हललं नाही.

शनि., २२
गेले. टेबलावर तीन बंदुका आडव्या, सर पाना घेऊन उभे. मी चौथी ठेवली आणि स्कोपवरचा हात काढला नाही. म्हटलं, सर, बघा, पण डोळ्यांनी. वाटल्यास आत्ता हवे तेवढे छर्रे मारून दाखवते.
"नियम सगळ्यांना सारखा, मॅडम. नाही तर उद्या तुम्ही खेळत नाही."
म्हटलं, बरं. आणि बंदूक उचलली. मुळे जमिनीकडे बघत होते.

रवि., २३, मैदानावर
गाडीत बसून लिहून राहिले. नितीन डबे काढतोय, बंदूकही त्यानेच उचलून गाडीत ठेवली होती. समोर राखीव पोरगी टोपी घालून तयार, तिचा काय दोष. प. सर यादी घेऊन उभे राहिलेत. पहिलं नाव वाचलं. दुसरं मुळे.

घाबरलेय. खूप. चौथं नाव कोणाचं वाचतील माहीत नाही. वाचोत काहीही. मी आता उतरून बंदूक घेऊन चौथ्या लेनवर, माझ्या जागी जाऊन बसणार आहे. उठवायचं असेल तर सगळ्या क्लबांसमोर सरांनी स्वतः येऊन उठवावं.