समुद्रफुलाचं पाणी

१२ मार्च
सकाळी कोळंबी मेली. लाल-पांढऱ्या पट्ट्यांची, ह्यांनी पुण्याहून एसटीत मांडीवर पिशवी धरून आणलेली. चमच्यानं काढली, तुळशीशेजारच्या कुंडीत पुरली. आत्यांना सांगितलं तर म्हणाल्या, "माझ्या लेकाचं एकेक चाललंय." सासू असं बोलली की मी टाकीची काच पुसायला घेते. दिवाळीनंतर हे गेले, तेव्हापासून आम्ही दोघीच. आणि ही खाऱ्या पाण्याची टाकी.
ह्यांचं पाणी तपासायचं थेंबवालं किट काढलं. नळीत टाकीचं पाणी, वर थेंब, हलवायचं, रंग कार्डाशी जुळवायचा. नायट्रेट केशरी आलं. म्हणजे ठीक. पण ठीक तर मेली कशानं? बाटलीवरची तारीख उलटून गेलीय. दुसरं किट मागवते.

१५ मार्च
पट्टीवालं किट आलं. कागदाची पट्टी बुडवायची की झालं. नायट्रेटचा चौकोन चांगला गुलाबी, म्हणजे धोका. थेंबवालं म्हणतं ठीक. एकच पाणी, दोन तोंडं. अमोनियाला मात्र दोघांचं एकमत, लिंबू रंग, म्हणजे शून्य.
दिवसभर मॅचिंग सेंटरमध्ये ब्लाउज पीस जुळवून देते. अंजिरी कुठला, आमसुली कुठला, दारातूनच कळतं. हे रंगात अगदी कच्चे. "मंगल, बघ गं, पिवळा की हिरवा?" गॅसवर दूध असलं तरी हाक यायची. लई चिडायचे मी. आता मीच नळी धरून उभी राहते नि हाक कुठून येतच नाही.

१९ मार्च
समुद्रफूल आक्रसलं. नावाचं फूल, खरा तो जीव. बोटांसारखे झुपके पसरून बसतो, नारंगी मासा त्यातच झोपतो. आज मूठ आवळल्यासारखं झालंय. मासा भोवती फिरतोय, आत शिरतोय, पुन्हा बाहेर. बघवेना.
नळाला ठरल्या दिवशी पाणी आलंच नाही. फिल्टरचं साठवलेलं होतं त्यात टाकीचं समुद्री मीठ कालवून थोडं पाणी बदललं. थेंबवालं ठीक, पट्टीवालं धोका. डोकं फिरलं, पट्टी फेकून दिली, मग उचलून पुन्हा बघितली.

२३ मार्च
बाटलीत पाणी घेऊन मासेवाल्या सलीमभाईंकडे. ह्यांचे जुने दोस्त. त्यांनी त्यांच्या किटनं बघितलं.
"भाभी, पानी अच्छा है. पट्टी जरा जास्तीच दिखाती. दोनों किटों में झगडा मत लगाव."
"मग फूल का असं?"
"पानी कायमें भरके रखते?"
"बादलीत. प्लास्टिकच्या."
"तो फिर मेरेकू बी नई समझा."
येताना रिक्षात रडू आलं. एवढंसं फूल राखता येईना मला.

२६ मार्च
दुकानातली लाइट गेली, शेठनं लवकर सोडलं. घरात शिरले तर आत्या टाकीत पाणी ओततायत. तांब्याच्या हंड्यातून. चिंचेनं घासून लखलखीत केलेला.
"आत्या, हे काय?"
"पलास्टिकचा वास येतो गं त्या पान्याला. तांब्यातलं पानी लई गुणाचं. आमच्या सांगोल्याला टँकरचं पानी बी तांब्यातच ठिवायचो आमी. कुनी आजारी पडलं न्हाय."
"कधीपासून?"
"संक्रांतीपास्नं. त्याची लेकरंच की ती. चांगलं नको का पाजायला?"
उन्हानं टाकी आटते, रोज तेवढं गोडं पाणी घालावं लागतं. ते काम आत्यांनी आपणहून घेतलं, त्यासाठी अंथरुणातून उठायला लागल्या, म्हणून मी खूश होते. हंडा कधी बघितलाच नाही. मी दुकानात असताना भरायच्या, घासून पालथा घालायच्या.
मोरीत जाऊन सलीमभाईंना फोन. "तांबा? या अल्लाह! मछली झेल लेती भाभी, फूल नई झेलता. कोळंबी तो बिलकुल नई."
दोन्ही किटांत तांबं तपासायची सोयच नाही. आणि मी त्या दोघांची भांडणं सोडवत बसले होते.

२७ मार्च
हंडा दुकानाच्या माळ्यावर नेऊन ठेवला. आत्यांना म्हटलं, गळत होता, तांबटाकडं दिलाय.
"कुटं गळत हुता? रोज भरते की मी."
टाकीचं पाणी आता सकाळी मीच घालून जाते म्हटलं. "मग मी काय करू दिवसभर?"
दुपारी आले तर भिंतीकडं तोंड करून पडलेल्या, ताट झाकलेलं तसंच.
सलीमभाईंनी तांबं शोषणारी पिशवी दिली, टाकीत सोडली. वाचलं तर वाचेल म्हणाले.

३० मार्च
फूल एका बाजूनं जरा उघडलंय. का मलाच वाटतंय?
आत्या जेवत नाहीत. खरं सांगायचं कसं? लेक गेला, आणि त्याच्या जिवांना तुमच्याच हातानं... नाही. माझ्या तोंडातून नाही निघणार. सांगितलं तर टाकीकडं पुन्हा बघायच्या नाहीत. आणि न सांगून...

२ एप्रिल
तांब्याचं किट आलं. चोरून करणार होते, पण आत्या मागं येऊन उभ्या.
"मोरीतनं फोनवर तांबं-तांबं करत हुतीस. आइकलंय मी. माझ्या पान्यानं झालं का गं?"
"बघू की, आत्या. तेच बघतेय."
थेंब टाकले. तांबं नसेल तर पाणी पांढरं राहतं, असेल तर निळं. आत्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. ऑपरेशन दिवाळीनंतर होतं, ते राहूनच गेलं. नळीतला रंग त्यांना दिसणार नव्हता. माझ्या तोंडाकडं बघत होत्या.
"कुटला रंग आला?"
आकाशी. फिकट, पण आकाशीच.
"पांढरंच आहे, आत्या. काही नाही त्यात."
खुर्चीवर बसल्या. डोळ्यांना पदर लावला. मग म्हणाल्या, भूक लागली. दीड भाकरी खाल्ली, वर ताक. मला इतकं बरं वाटलं.
हात धुऊन आल्या नि टाकीपाशी उभ्या राहिल्या.
"मग आण की तांबटाकडनं हंडा माघारी. उद्यापास्नं मीच वतते पानी."
आणते म्हणाले.