वनस्नानात बोलायला बंदी

३ मार्च, सकाळी ७
डॉक्टर म्हणाले, बीपी वाढलंय, डोकं शांत ठेवा. साहेबांनी तीन आठवड्यांची रजा दिली. मागितली नव्हती. ऑफिसात आपली किंमत आहे, म्हणून. (स्टेपलर भिंतीला लागला होता, माणसाला नाही.)
निश्चय : वनस्नान. रोज दोन तास झाडांच्या सहवासात. मेहुण्याला फोनवर सांगितलं, तर विचारतो, साबण कोणता नेणार? बायकोचा भाऊ म्हणून ऐकून घेतलं.

४ मार्च
नवे बूट घेण्यात सकाळ गेली. बसच्या शेवटच्या स्टॉपपासून जंगल लागतं. पोचायला एक वाजला. झाडाला मिठी मारली. मुंग्या. झाडाचा काय दोष!
बायको आपणहून म्हणाली, परवा सुट्टी घेते, मीही येते. पटलं तर एकदाचं!

६ मार्च
वाटेत म्हणाली, अहो, एक सांगायचंय. मी ओठांवर बोट ठेवलं. वनस्नानात बोलायचं नाही, पहिला नियम. ती दगडावर बसून राहिली. डोळ्यांत पाणी. पहिल्याच दिवशी एवढा परिणाम! मला अजून काहीच होत नाहीये.

९ मार्च, दुपारी
आज म्हणाली, ऐका ना, मला भीती वाटतेय. मी म्हटलं, इथे साप नाहीत, खोल श्वास घे. तेवढ्यात ऑफिसातून फोन. माझा सेक्शन ज्युनियर बाईंकडे दिलाय! वीस मिनिटं ओरडत होतो. पक्षी उडाले. हा वेळ दोन तासांत धरायचा नाही.

१२ मार्च
ती आता यायचं नाही म्हणते. चिकाटी नाही. भाजीत मीठ दोनदा पडलं होतं, तरी मी शब्दाने बोललो नाही. जंगलाने माणूस बदलतो.
निघताना हातात एक कागद दिला, वाचा म्हणाली. संध्याकाळी वाचेन. मागची बाजू कोरी होती, तिथे झाडांची यादी केली. पाच झाडं. नावं दोनच झाडांची आली.

१३ मार्च
कागद तिने माझ्या पिशवीतून काढून घेतला. वाचायचा राहिला. विचारलं, काय होतं? म्हणाली, काही नाही. मग ठीकच आहे.

१५ मार्च
बीपी १६०/१००. मशीन बिघडलंय.

१७ मार्च, सकाळी ११
बस चुकली म्हणून परत आलो. घराला कुलूप. शेजारच्या काकू म्हणाल्या, ती भावाबरोबर हॉस्पिटलला गेली. छातीत गाठ आहे ना, आज सुई घालून तपासणार आहेत. तुम्हाला सांगितलं नाही? मी म्हटलं, सांगितलंय की.
रिक्षा मिळेना. अर्धा रस्ता पळत गेलो.

दुपारी ४
तपासणी झाली. रिपोर्ट चार दिवसांनी. मी बाकावर तिच्या शेजारी बसलो. पाणी आणू का, विचारलं. म्हणाली, दादाने आणलंय.
मग डॉक्टरांनी आत बोलावलं. सोबत कोण? मी म्हटलं, मी, मिस्टर. त्यांनी पेन उघडलं आणि मलाच विचारलं, गाठ पहिल्यांदा कधी लक्षात आली?
मी तिच्याकडे बघितलं. ती खाली बघत होती.
दारात उभ्या मेहुण्याने सांगितलं, जानेवारीत.