दोन तोंडांची मारबत शिवेवरच राहू देण्याबाबत

प्रति,
मा. गटविकास अधिकारी,
पंचायत समिती, मोहाडी,
जि. भंडारा

विषय : बेवारस ठरवलेली वस्तू बेवारस नसल्याबाबत व ती न उचलण्याबाबत.

संदर्भ : १) आपले पत्र दि. १२ सप्टेंबर २०२२ (अनुत्तरित)
२) आपले पत्र दि. ६ ऑक्टोबर २०२२

महोदय,

संदर्भ क्र. १ चे पत्र मला मिळाले होते. मी उत्तर दिले नाही. कवठझरीच्या वाचनालयातील शब्दकोशात ते महिनाभर खुणेसारखे राहिले. चौदा मसुदे केले. प्रत्येकात एखादा शब्द आपणांस उद्धट वाटेल अशी शंका आली. चूक माझी आहे.

१. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे मारबतीचा पुतळा काढतात. गावची इडापिडा तिच्यावर घालून तिला शिवेबाहेर जाळतात. यंदा तृप्ती हटवार व इतर मुलामुलींनी ती वाचनालयाच्या ओसरीत बसून, फेकलेल्या प्लास्टिकची केली : दुधाच्या पिशव्यांचे लुगडे, खताच्या चुंगड्यांचे पोट, तंबाखू-खर्र्याच्या पन्न्यांच्या वेण्या. पन्न्या ग्रामपंचायतीसमोरच पुरेशा मिळाल्या. मिरवणुकीच्या कागदावर जबाबदार व्यक्ती म्हणून माझे नाव घातले, कारण मला नाही म्हणता येत नाही.

२. "पन्नी घेऊन जाय गे मारबत!" असे ओरडत सगळे शिवेवर पोहोचले, तेव्हा लक्षात आले की हिला जाळता येत नाही, धूर विषारी. पलीकडे टाकावी तर शेजारच्या निमटोल्याच्या बांध्यांत धान उभा. हा विचार आधी कोणीच केला नव्हता. मीही नाही, आणि मी तर त्यांना प्लास्टिकविषयी चार पुस्तके काढून दिली होती. म्हणून ती शिवेवर उभी राहिली.

३. तिचे तोंड निमटोल्याकडे होते. तेथील आनंदाबाई आल्या, "तुमची पिडा आमच्याकडं काहून पाहून राहिली जी?" म्हणाल्या आणि तिला फिरवून गेल्या. आमच्या हिरालालने परत फिरवली. आठवड्यात ती अकरा वेळा फिरली, मान ढिली झाली. शेवटी निमटोल्याच्या निकेशने तृप्तीसोबत बसून तिला मागून दुसरे तोंड बसवले. तेव्हापासून दोन्ही गावांचे लोक बाजाराला जाता-येता आपापल्या बाजूच्या तोंडात प्लास्टिक घालतात. आनंदाबाई घरून पिशवी भरून आणतात आणि "आमचा घास मोठा" असे ऐकवतात. पोट दोनदा उसवून वाढवावे लागले. बांध्यांत आता पन्नी शोधावी लागते.

४. वस्तू कोणत्या ग्रामपंचायतीची, असे आपण पहिल्या पत्रात विचारले होते. कवठझरीची लिहिले तर निमटोला रुसेल. निमटोल्याची लिहिले तर हिरालाल वाचनालयात येणे सोडेल, आणि रोज येणारा तो एकटाच आहे. उत्तर गेले नाही, म्हणून आपल्या दुसऱ्या पत्रात ती बेवारस ठरली, व १४ तारखेला ती उचलायला ट्रॅक्टर येणार आहे. हे तृप्तीला सांगितले. ती म्हणाली, "आबाजी, आमाले वाटलं तुमी लिवलं असन." रागावली असती तर बरे झाले असते.

तरी नोंद व्हावी की मारबत दोन्ही गावांची आहे. कागदावर एकच नाव लागत असेल तर माझे लिहावे. पुढच्या पोळ्यापर्यंत तिला तेथेच राहू द्यावे. ट्रॅक्टर निघालाच असेल तर त्याने पोटातले प्लास्टिक न्यावे, मारबत नको. मुले भरून देतील.

आपला, उत्तराला उशीर केलेला,
देवाजी लांजेवार
ग्रंथपाल (विनावेतन), कवठझरी
दि. १० ऑक्टोबर २०२२

सोबत : दोन्ही तोंडांची छायाचित्रे, दोन्ही गावांच्या सह्या (आनंदाबाईंचा अंगठा सर्वांत वर, त्यांच्या आग्रहावरून).

(पाकिटाच्या पाठीवर) पाकीट चिकटवल्यावर आठवले, शेवटी 'कृपया' राहिले. शब्दकोश तृप्तीने काखेत धरून ठेवला आहे. पोस्टमन हात पुढे करून उभा आहे. दिले.