पोस्टात पडलेले वैमानिकाचे मत

प्रति,
मा. पोस्टमास्तर साहेब,
टपाल कार्यालय, दौंड, जि. पुणे.

अर्जदार : हौसराव ज्योतिबा शितोळे, वय ६३, धंदा शेती, रा. मांडवगण फराटा, ता. शिरूर. (आत्ताचा मुक्काम : आपल्या काउंटरसमोरील बाकडे.)

विषय : आज ~~नजरचुकीने~~ रजिस्टर केलेले पाकीट मुंबईच्या थैलीत जाण्यापूर्वी परत मिळणेबाबत.

संदर्भ : १) आपली पावती, आज सकाळी ११.२० ची. २) काउंटरवरील भगिनींशी पावणेचार वाजता झालेले तोंडी बोलणे.

महोदय,

वरील विषयास अनुसरून अर्जदार सविनय कळवितो की, मुंबईची थैली साडेपाचला बंद होते असे समजले. आत्ता चार वाजून दहा मिनिटे झाली आहेत. तरी हा अर्ज इतर अर्जांच्या खाली न ठेवता आधी वाचावा. ही विनंती शेवटी करावयाची असते, पण शेवटपर्यंत वेळ पुरेल याची खात्री नाही.

१. सदर पाकीट लांबट, पिवळसर असून त्यावर 'निवडणूक अधिकारी, वैमानिक संघटना, मुंबई' असा पत्ता इंग्रजीत छापलेला आहे. डाव्या कोपऱ्यास हळदकुंकू लावलेले आहे. आत अर्जदाराचा मुलगा चि. विश्वजीत याचे मत आहे. तो एका खाजगी विमान कंपनीत वैमानिक आहे. मांडवगणातून विमानात बसलेले आता पुष्कळ झाले, चालविणारा तो एकटाच. हे मोठेपणासाठी लिहिलेले नाही, पाकीट कोणाचे ते ध्यानी यावे म्हणून लिहिले. थोडे मोठेपणासाठीही आहे.

२. कंपनी व संघटनेचे पुढारी यांच्यात नवा करार ठरला आहे. तो सभासदांनी मत देऊन मंजूर करावयाचा. 'होय' जास्त पडले तर करार लागू, 'नाही' जास्त पडले तर संप. मोजणी परवा गुरुवारी आहे. करारात पगार वाढतो, परंतु दोन उड्डाणांमधली विश्रांती कमी होते. विश्वजीत 'नाही'च्या बाजूचा, नुसता बाजूचा नव्हे तर त्यांचा म्होरक्या. दोन्ही बाजूंची मते जवळजवळ सारखी आहेत व एकेक मत मोजून चालले आहे. गेल्या महिन्यात तो गावी आला असता अर्जदाराने विचारले की, एवढे अडले आहे काय. तेव्हा तो म्हणाला, "आबा, माणूस झोपला तरी बैलगाडी घरी येती. विमान येत न्हाई." 

३. मुंबईत भाड्याची घरे बदलतात म्हणून त्याने कायमचा पत्ता गावचा दिलेला आहे. त्यामुळे मतपत्रिकेचे पाकीट काल आमच्या घरी आले. येथे अर्जदाराने आपल्या सवयीचा खुलासा करणे भाग आहे. अर्जदार गावच्या विकास सोसायटीचा एकवीस वर्षे संचालक होता. आमच्याकडे घरातली मते कर्ता माणूस ठरवितो. भाऊ, भावजया, पोरे, सुना, सगळी एकगठ्ठा. कोणाला विचारीत नाहीत, आणि विचारले नाही म्हणून कोणी रुसत नाही. पेरणीला जमिनीचा वापसा पाहायचा, तसे मताला कर्त्याचे तोंड पाहायचे. त्या रिवाजाने अर्जदाराने पाकीट फोडले, 'होय'पुढे फुली मारली, आणि आत दिलेल्या परतीच्या पाकिटावर सभासदाची सही म्हणून 'वि. हौ. शितोळे' असे मराठीत लिहिले. शेजारी साक्षीदार म्हणून सौ. सारजाबाईचा अंगठा घेतला. साक्षीदार कोणी मागितला नव्हता. सोसायटीत लागतो म्हणून घेतला. त्या वेळी सौ. म्हणाली, "त्याचं विमान हाय, त्याचं त्याला ठावं. तुमी कवा बसलाय का त्यात?" अर्जदाराने तिला गप्प केले. अंगठा तिने दिला. लग्न झाल्यापासून देतच आली आहे.

४. आज सकाळी पाकीट आपल्याकडे रजिस्टर करून अर्जदार दुपारच्या एसटीने घरी पोचतो न पोचतो तोच दीड वाजता दिल्लीहून विश्वजीतचा फोन आला. पाकीट आले असल्यास उद्या सकाळी न्यायला येतो, असे तो म्हणाला. अर्जदार मोठ्या तोऱ्यात बोलला, "मत दिलं बी आन् रजिस्टर केलं बी. तू काय काळजी करू नगंस." मग त्याने विचारले, "सही कुणी केली, आबा?" अर्जदाराने सांगितले. तो रागावला असता तर बरे झाले असते. "बोगस मतांची तक्रार मीच केलीया, आबा. माझ्याच सहीनं." एवढेच बोलला, आणि विमानाची वेळ झाली म्हणून फोन ठेवला.

साहेबांना कळावे म्हणून सांगतो की, परगावी असलेल्या सभासदांच्या पत्रिका कोणी तरी परस्पर भरून पाठविते, अशी ती तक्रार होती. तिच्यामुळेच यंदा प्रत्येक सही नमुन्याशी ताडून पाहणार आहेत. विश्वजीत सही इंग्रजीत करतो. म्हणजे पहिले बोगस पाकीट सापडणार ते तक्रार करणाराचेच, आणि त्यावर त्याच्या आईचा अंगठा. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतील. त्याच्या शब्दावर 'नाही' म्हणणारी चाळीस पोरे तोंड कोठे लपवतील, हे अर्जदारास सुचत नाही. पाकीट फोनच्या वेळी आपल्याकडेच होते, पण ते परत मिळते का हे विचारायचे त्याला सुचले नाही आणि अर्जदारालाही नाही. फोन ठेवल्यावर काही वेळाने सुचले, तशी परतीची एसटी धरली. आता तो फेऱ्यांवर फेऱ्या करीत हवेत आहे, फोन बंद आहे, साडेसातला पुण्यास उतरतो.

५. विषयात 'नजरचुकीने' हा शब्द लिहून खोडला आहे, खाडाखोडीबद्दल क्षमा असावी. चूक नव्हती. मुलाला काय हवे ते अर्जदारास ठाऊक होते, आणि ठाऊक असून फुली दुसरीकडे मारली. अर्जदाराचे मेव्हणे तात्याबा याच दौंडात लोको शेडमध्ये फायरमन होते. सन ७४ च्या रेल्वे संपात ते पुढे होते. संप मिटला, गाड्या धावू लागल्या, तात्याबांचे नाव हजेरीवर आले नाही. पुढे पुष्कळांना परत घेतले म्हणतात, पण तोवर ते भांडगावला हमरस्त्यावर पंक्चर काढीत बसले होते, आणि मन असे विटले की परत म्हणून गेले नाहीत. सख्ख्या पुतणीच्या लग्नालासुद्धा त्यांनी दौंडात पाऊल टाकले नाही. विश्वजीतचेही तसेच होईल अशी अर्जदारास भीती वाटली. दुसरे कोणतेही कारण नाही.

६. तरी पाकीट हाती मिळावे. चुकलेली पत्रिका परत दिल्यास कोरी बदलून मिळते, असे सूचनापत्रात छापलेले आहे. त्यास उद्या दुपारची मुदत आहे. थैली सोडल्यास कुंकवावरून पाकीट लगेच सापडेल, अर्जदार शोधू लागेल. हाती देता येत नसल्यास नुसते थैलीबाहेर ठेवावे, सकाळी मुलगा येऊन कायदेशीर मागणी करील. तेही जमत नसेल तर अर्जदारास थैलीबरोबर मुंबईस जाऊ द्यावे. तिकीट काढून, उभ्याने, थैलीला हात न लावता जाईन. विश्वास नसल्यास थैलीसोबत अर्जदारासही लाख लावून सील करावे, हरकत नाही.

७. काउंटरवरील भगिनींनी नियम समजावून दिला. पाकीट परत मागण्याचा अधिकार पाठविणाराचा. पाठविणारा म्हणून अर्जदाराने सकाळी विश्वजीतचे नाव लिहिले आहे, सबब अर्जावर विश्वजीतची सही पाहिजे. नियम रास्त आहे व भगिनी दोनदा न कंटाळता बोलल्या. बाहेर लिंबाखाली लोकांचे अर्ज लिहून देणारे पोपटराव यांनी त्या नमुन्याचा अर्ज लिहूनही दिला. अर्जदार अडखळला तेव्हा ते म्हणाले, "आबा, एकदा पोराची सही केलीच की तुमी. आता दुसऱ्यांदा करायला हात मोडलाय व्हय? द्या हिकडं, मी करतो." अर्जदाराने पेन घेतले, 'वि' काढला आणि पेन खाली ठेवले. तो कागद फाडून टाकला. म्हणून हा अर्ज अर्जदाराच्या स्वतःच्या नावाने आहे. त्यास नियमाचा आधार नाही, हे अर्जदार जाणून आहे.

८. पाच वाजून गेले. पाकीट गेलेच तर मुलाच्या नावाला बट्टा लागू नये, म्हणून अर्जदाराने आत्ताच स्टेशनासमोरील एसटीडी बूथवरून निवडणूक अधिकाऱ्यांना फॅक्स केला आहे. त्यात लिहिले की, सदर मत विश्वजीत याचे नसून त्याच्या बापाचे आहे, सही बापाने त्याला न विचारता केली आहे, मत बाद करावे, आणि पोराची तक्रार खरी असल्याचा पहिला पुरावा म्हणून हेच पाकीट धरावे. खोट्या सहीबद्दल जी काही कारवाई होईल ती अर्जदारावर व्हावी. त्याच्या आईने अंगठा अर्जदाराच्या सांगण्यावरून दिला. मत बाद झाले आणि पोराचे 'नाही' न पडल्याने त्या एका मताने करार मंजूर झाला, तर घरी त्याच्यासमोर जेवायला कसे बसावे, हे मात्र कोणत्याही सूचनापत्रात दिलेले नाही.

साहेब, नियमात काही बसत नसेल तर हे शेवटचे तेवढे नियमाबाहेरचे वाचा. पोरगा एकतीस वर्षांचा झाला. दीडशे माणसे पाठीशी बसवून तो ढगात जातो, आणि मी त्याला, बाबा रे तुझे मत काय, असे एकदाही विचारलेले नाही. साडेसातला उतरला की विचारणार आहे. तोपर्यंत तेवढी थैली थांबवा.

आपल्या उत्तरासाठी बाकड्यावर बसून असलेला,
आपला नम्र,
हौसराव ज्योतिबा शितोळे
(सही स्वतःची)

दौंड, मंगळवार, दि. १४ ऑक्टोबर २००३, वेळ ५.१४

सोबत : १) मूळ पावती. २) फॅक्स गेल्याची चिठ्ठी.
प्रत : चि. विश्वजीत यास, पुण्यास उतरल्यावर.